काळजीला बसू दे, तू पेपरला जा

नोव्हेंबर महिना लागला की माझ्या थोरल्या बहिणीचा जीव टांगणीला लागतो. तिची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच परीक्षा येतात, आणि साताऱ्याला ताईच्या घरी फोन रात्री-अपरात्री वाजू लागतो.

दोन वर्षांपूर्वी असाच एका रात्री साडेअकराला फोन आला. "आई, मी घरी येऊ का गं? छातीत नुसतं धडधडतंय. हातपाय गार पडलेत. वाचलेलं काहीसुद्धा आठवत नाहीये." दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. मुले तिला 'ओरल' म्हणतात.

ताईने काय केले? तुम्ही-आम्ही जे केले असते तेच! "ये बाई, ये. परीक्षा काय, पुन्हा देता येईल. जिवापेक्षा का जास्त आहे ती?" भाची पहाटेच्या एसटीने घरी आली. आईच्या हातचा मऊ भात आणि मेतकूट खाऊन दुपारभर झोपली. संध्याकाळी धाकट्या भावाशी भांडण्याइतकी ताजीतवानी झाली. ताईने देवापुढे दिवा लावला आणि मला फोन करून म्हणाली, "सुटलो गं बाई एकदाचे!"

पण मैत्रिणींनो, सुटका झाली नव्हती. पुढच्या सहामाहीत ओरलच्या जोडीला प्रॅक्टिकलचीही भीती बसली. मग सर वर्गात उभे करतील म्हणून ती मागच्या बाकावर बसू लागली. पुढे पुढे तासालाच जाईना. मेसमध्ये मुली अभ्यासाच्या गोष्टी करतात, म्हणून डबा खोलीवर मागवू लागली. वाड्यातल्या एका खोलीत भाडेकरू ठेवावा आणि त्याने हळूहळू ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व्यापावे, तसे झाले. शेवटी घरमालकाला उभे राहायला जागा उरेना.

"मी तिला कधी रागावले नाही, अभ्यासाचा लकडा लावला नाही. मायाच केली ना? मग हे असं का व्हावं?" ताईने मला विचारले. मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतले होते खरे, पण माझ्याजवळ याचे उत्तर नव्हते. ते मिळाले भाचीच्या कॉलेजमधल्या समुपदेशक बाईंकडून. त्यांनी तिला एका उपचारपद्धतीची ओळख करून दिली. भाचीने ती मला सांगितली, मग मी मिळेल ते वाचत गेले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे, कारण पुण्या-मुंबईला शिकणारी मुले आणि इकडे फोनपाशी बसलेल्या आया घरोघरी आहेत.

बोलती बंद झालेला प्राध्यापक

या पद्धतीचे इंग्रजी नाव 'अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी'. आपण तिला 'स्वीकार आणि बांधिलकी' पद्धती म्हणू. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की 'अ‍ॅक्ट' असा शब्द होतो. अ‍ॅक्ट म्हणजे कृती. त्या एका शब्दातच पद्धतीचे सार आहे.

तिच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ग्रीन्सबरोच्या विद्यापीठात स्टीव्हन हेज नावाचे तरुण प्राध्यापक मानसशास्त्र शिकवीत असत. विभागाच्या एका बैठकीत ज्येष्ठ प्राध्यापकांची जुंपली. मध्ये पडून त्यांना थांबवावे म्हणून हेज यांनी तोंड उघडले, पण आवाजच फुटेना. सगळे त्यांच्याकडे बघत आहेत आणि हे नुसतेच तोंड उघडे ठेवून बसलेले! तो त्यांना आलेला भीतीचा पहिला झटका.

पुढची दोन-तीन वर्षे ते या भीतीपासून पळत राहिले, तिच्याशी झगडत राहिले, तिच्यापासून लपत राहिले. मानसशास्त्राचा प्राध्यापक तो! पण जितके झगडावे तितके झटके वाढत गेले. एका रात्री हा हृदयविकाराचाच झटका आहे असे वाटण्याइतकी वेळ आली. त्या रात्री जमिनीवर बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आले की आपले शत्रुत्व भीतीशी उरलेलेच नाही, आपण स्वतःशीच लढतो आहोत. यापुढे स्वतःपासून पळायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. १९८६ पासून ते नेवाडा राज्यातील रेनो येथील विद्यापीठात होते. किर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या पद्धतीवर लिहिलेला ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला.

पांढरे अस्वल

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. माया करूनही भीती का वाढली?

१९८७ साली डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टेक्सास राज्यातल्या एका विद्यापीठातील विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, 'पाच मिनिटे मनात येईल ते मोठ्याने बोला, मात्र पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच, तर घंटा वाजवा.' झाले! घंटा वाजतच राहिली. पुढची गंमत त्याहून मोठी आहे. नंतर त्याच मुलांना 'आता खुशाल अस्वलाचा विचार करा' असे सांगितले, तेव्हा पहिल्यापासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षाही जास्त वेळा त्यांच्या मनात अस्वल आले. दाबून ठेवलेले दुप्पट जोराने वर येते, हे कुकरचे झाकण घाईने उघडू पाहणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

भीतीचेही असेच. 'घाबरायचे नाही, घाबरायचे नाही' असे घोकत बसले की सगळे लक्ष भीतीवरच खिळते. छाती धडधडते, घाम येतो, तोंडाला कोरड पडते, हे मुळात शरीराचे रक्षणाचे काम आहे. समोर धोका दिसला की पळायला किंवा झुंजायला बळ मिळावे म्हणून हृदय वेगाने रक्त पुरवते. परीक्षकाचा चष्मा आणि वाघाचे डोळे यांतला फरक शरीराला त्या क्षणी कळत नाही, एवढेच.

आणि पळाले तर? लगेच बरे वाटते. खरी गोम इथेच आहे. ओरल चुकवल्याबरोबर भाचीला जो आराम वाटला, त्याने तिच्या मनाला धडा दिला की 'पळालीस म्हणून वाचलीस.' पुढच्या खेपेला मन अधिक लवकर, अधिक दुरून पळायला सांगते. आजचा आराम उद्याच्या भीतीचे भाडे भरत असतो.

सहा गोष्टी

या पद्धतीत एकमेकींत गुंफलेल्या सहा गोष्टी शिकवतात.

पहिली गोष्ट स्वीकार. न आवडणारा एखादा पाहुणा घरी येतो. त्याला दारातच अडवून हुज्जत घालत बसलो तर आपणही दारातच अडकतो. इकडे दूध उतू जाते, मुले भुकेजतात. त्याऐवजी 'या, बसा त्या खुर्चीवर' म्हणावे आणि आपले काम करावे. तो आवडायला हवा असे नाही. भीतीलाही अशीच खुर्ची द्यायची. छातीत नेमके कुठे दडपण आहे, किती आहे, हे न्याहाळायचे आणि त्याला तिथे असू द्यायचे.

इथे एक खुलासा करायलाच हवा. स्वीकार म्हणजे सोसणे नव्हे. आपल्याला 'सोस बाई' हे पाळण्यापासून ऐकवलेले असते, म्हणून मुद्दाम सांगते. स्वीकार करायचा तो मनातल्या भावनेचा, बाहेरच्या अन्यायाचा नव्हे. हॉस्टेलवर कोणी छळत असेल, रॅगिंग करत असेल, तर तिथे तक्रारच करायची. मनात भीती असतानाही ती करता यावी, यासाठीच तर ही पद्धती!

दुसरी गोष्ट, विचारापासून सुटे होणे. 'मी नापास होणार' या वाक्यात आपण पुरते बुडून जातो. त्याच्यामागे चार शब्द जोडा: 'मी नापास होणार, असा विचार माझ्या मनात आलाय.' बघा, लगेच विचार आणि आपण यांच्यात वीतभर अंतर पडते. आणखी एक जुनी युक्ती आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते की एखादा शब्द भराभर पुन्हा पुन्हा उच्चारला की त्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो. 'दूध, दूध, दूध' असे अर्धा मिनिट म्हणून पाहा, डोळ्यांपुढचे दूध नाहीसे होते. भाचीने 'नापास' या शब्दाचे असेच केले. म्हणाली, "मावशी, शेवटी शेवटी तो शब्द मला चपातीच्या प्रकारासारखा वाटायला लागला!"

तिसरी गोष्ट, आत्ता आणि इथे असणे. काळजी नेहमी उद्यात राहते. पाय जमिनीवर टेकवा, फरशीचा गारवा जाणवू द्या, कानावर कोणकोणते आवाज येतात ते मोजा. भीती घालवण्यासाठी हे करायचे नाही. भीती असतानाच आपण कुठे आहोत हे आठवण्यासाठी करायचे.

चौथी गोष्ट आपल्याला नवी नाही, आपण तिला साक्षीभाव म्हणतो. बालवाडीत रडणारी मी, दहावीत पहिली आलेली मी, आज थरथरणारी मी, या सगळ्यांना पाहणारी एक मी आहेच ना? ढग येतात नि जातात, आकाश जागच्या जागी असते.

पाचवी गोष्ट मूल्ये. मला जगण्यात काय मोलाचे वाटते? पास होणे हा मैलाचा दगड आहे, तो मागे पडतो. पण 'मला यंत्रे समजून घ्यायला आवडतात', 'मला कोणाच्या तरी उपयोगी पडायचे आहे', ही दिशा आहे. दिशा कधी संपत नाही.

आणि सहावी गोष्ट बांधिलकी. त्या दिशेने एक लहानसे पाऊल टाकायचे, भीती बरोबर घेऊन. आज अर्धे पान, उद्या एक प्रश्न. घसरलो तर पुन्हा उठून त्याच वाटेला लागायचे.

या सगळ्याला जोडणारा बसचा एक दृष्टान्त या पद्धतीत फार प्रसिद्ध आहे. मी त्याला आपल्या एसटीत बसवते. तुम्ही ड्रायव्हर आहात, गाडीवर पाटी आहे साताऱ्याची. मागच्या बाकावरचे काही प्रवासी आरडाओरडा करताहेत, "गाडी फिरव! तुला जमायचं नाही! पुढे घाट आहे!" गाडी थांबवून त्यांच्याशी भांडत बसलात तर गाडी उभीच. त्यांनी गप्प बसावे म्हणून ते म्हणतील तिकडे वळवलीत तर सातारा राहिला बाजूला. ते ओरडतात, पण स्टिअरिंगला हात लावू शकत नाहीत. आवाज ऐकत ऐकत गाडी साताऱ्याच्या दिशेने हाकायची.

वाचनाची आवड असलेल्या भगिनींना इथे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती आठवेल. कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी माणसाला चांगली परिचित आहे. तिथे अविवेकी विचाराला प्रश्न विचारून, त्याच्याशी वाद घालून तो बदलायला शिकवतात. इथे विचार खरा की खोटा या वादात फारसे शिरत नाहीत. त्याला असू देतात आणि पाऊल पुढे टाकायला सांगतात. वाटा दोन आहेत, पण दोन्ही माणसाला कामाला लावतात.

याचा खरेच उपयोग होतो का?

हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या ७० जपानी विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. घर दूर, भाषा परकी, अभ्यासाचा ताण, आणि मनातले बोलायला परक्या भाषेतला डॉक्टर! त्यांना हेज यांच्या २००५ सालच्या स्वयंअभ्यासाच्या पुस्तकाचा जपानी अनुवाद वाचायला दिला. काहींना तो लगेच मिळाला, बाकीच्यांना थांबायला सांगितले. ज्यांनी आधी वाचले, त्यांचे मनःस्वास्थ्य थांबलेल्यांपेक्षा सुधारले. त्यातही ज्यांची चिंता तीव्र होती, त्यांना चांगला फायदा झाला. आपल्या भाषेत, आपल्या गतीने वाचता आले, ही मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते.

पण ही जादूची कांडी नव्हे, हेही सांगते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चिंतेच्या विकाराच्या १२८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही पद्धती आणि विचार बदलायला शिकवणारी जुनी, मान्यता पावलेली पद्धती यांची तुलना केली होती. दोन्हींनी रुग्णांना साधारण सारखाच गुण आला. म्हणजे आपल्या मुलीचा उपचार दुसऱ्या पद्धतीने चालू असेल आणि गुण येत असेल, तर तो सोडून इकडे धावू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याच विचारावर आधारलेली एक सचित्र पुस्तिका काढली आहे. 'डुइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस' हे तिचे नाव. ती विनामूल्य मिळते. इंग्रजी सोपे आहे, चित्रे भरपूर आहेत. कॉलेजमधल्या मुलांना आवर्जून सुचवावी अशी आहे.

आईने काय करावे?

समुपदेशक बाईंनी सांगितलेल्या आणि मला वाचताना सापडलेल्या काही गोष्टी इथे देते.

१. 'काळजी करू नकोस' हे वाक्य काही दिवस माळ्यावर टाका. काळजी करणाऱ्याला ते ऐकून आणखी एक काळजी लागते, ती म्हणजे आपण काळजी करतो याची! त्याऐवजी म्हणा, "भीती वाटतेय ना? वाटणारच. महत्त्वाचं आहे म्हणून वाटतेय."

२. 'होशील गं पास' असे दहादा वदवून घेण्याची मुलांना सवय लागते. एकदा सांगा. पुन्हा विचारले तर म्हणा, "ते मलाही ठाऊक नाही, तुलाही नाही. आत्ता कुठला धडा काढला आहेस?"

३. "भीती नसती तर आज तू काय केलं असतंस?" असे विचारा. उत्तर आले की, "त्यातलं अर्ध्या तासाचं काय करता येईल?" असे विचारा.

४. पायऱ्या लहान करा. आधी खोलीतल्या मैत्रिणीसमोर पाच प्रश्नांची खोटी ओरल, मग वर्गात दुसऱ्या बाकावर बसणे, मग सरांना एक शंका विचारणे. कोणी एकदम गच्चीवर उडी मारत नाही, जिन्यानेच जातो.

५. मूल घरी आले की पहिला प्रश्न मार्कांचा नको. त्याला कशात रस वाटतो, कोणाशी मैत्री आहे, काय नवे शिकला, हे विचारा. मूल्ये अशाच गप्पांतून सापडतात.

६. आणि शेवटची, सर्वांत अवघड. दिवसातून किती वेळा फोन करता ते मोजा. 'जेवलीस का? झोपलीस का? अभ्यास झाला का?' हे फोन तिच्यासाठी की आपल्यासाठी?

या सहाव्या मुद्द्याने ताईला रडू आले. "म्हणजे मी तिला 'ये' म्हटलं ते..." असे म्हणून ती थांबली. आणि मग तिने स्वतःच वाक्य पुरे केले, "तिचं रडणं मलाच ऐकवत नव्हतं गं. तिला घरी आणलं, तेव्हा माझी धडधड थांबली." यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. लेकराचे रडे ऐकून धावणे हा आईचा धर्मच आहे. पण पोर वीस वर्षांची झाली की काही वेळा धावायचे नसते, फोन कानाला लावून जागीच थांबायचे असते. हे धावण्याहून कठीण आहे.

मात्र इथे थांबू नका

काही वेळा मात्र धावायचेच असते. मूल खातपीत नसेल, रात्र-रात्र झोपत नसेल, बोलणे बंद केले असेल, 'मी नसले तर बरं' असे काही बोलले असेल, तर त्या क्षणी निघा, त्याला एकटे ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. हा आकडा लिहितानाही हात थबकतो. 'अभ्यास टाळायची नाटकं' म्हणून कोणतेही बोलणे उडवून लावू नका.

केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-बेरात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलांच्या फोनमध्ये आणि स्वयंपाकघराच्या कॅलेंडरवरही हा क्रमांक लिहून ठेवा.

शिवाय धडधड प्रत्येक वेळी मनाचीच असते असे नाही. थायरॉइडचा दोष, रक्त कमी असणे यांनीही छाती धडधडते, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जागरणासाठी कपावर कप कॉफी आणि बाजारात मिळणारी 'एनर्जी'ची पेये पिणाऱ्या मुलांची धडधड तर हमखास वाढते. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. औषध आणि ही शिकवण बरोबरीने चालू शकतात.

पुन्हा नोव्हेंबर

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा ओरल आली. पुन्हा रात्री फोन वाजला. त्या दिवशी मी ताईकडेच होते. पलीकडून तेच शब्द आले, "आई, छातीत धडधडतंय. मी येऊ का?"

ताईचा चेहरा उतरला. तिचा हात पदराशी चाळा करू लागला. मला वाटले, आता 'ये' म्हणणार! पण ती खुर्चीवर टेकली, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, "माझ्याही छातीत धडधडतंय बघ. दोघींचं धडधडू दे. मी फोन ठेवत नाही. तू मला तुझ्या विषयातलं पहिलं प्रकरण सांग. मला काही कळणार नाही, पण सांग."

भाची सांगत राहिली. मध्ये अडखळली, एकदा रडली, पुन्हा सांगू लागली. साडेबाराला ती म्हणाली, "आई, आता झोपते."

दुसऱ्या दिवशी ती परीक्षेला गेली. हात थरथरत होते, पाण्याचा घोट घेताना भांडे दातांवर वाजले. परीक्षकांनी पाच प्रश्न विचारले, तिला तीन आले. दोन आले नाहीत, तेव्हा 'येत नाही' असे तिने सांगितले. "मावशी, 'येत नाही' म्हटल्यावर काहीच झालं नाही गं! त्यांनी पुढचा प्रश्न विचारला."

भीती गेली का? नाही. यंदाही ती येईल, पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीलाही येईल. पण आता तिला एक खुर्ची ठरवून दिलेली आहे. ताईकडेही एक आहे, फोनजवळची. परवा ताई हसत म्हणाली, "नोव्हेंबर जवळ आला. चकलीची भाजणी करून ठेवते. ती काळजी यायच्या आत निदान फराळ तरी होऊन जाऊ दे!"